व्यवसायांचं कचरा शुल्क: दर जास्त आहे की मोजमापच चुकतंय?

चौकस

पालिकेने व्यावसायिक कचरा शुल्क वाढवलं की व्यापाऱ्यांच्या बैठकीत तीन तक्रारी हमखास निघतात. मालमत्ता कर भरतोच, मग हे वेगळं कशाला? गाडी चुकते, बिल चुकत नाही. आणि तिसरी, जिच्यासाठी हा धागा काढतोय: शेजाऱ्याचा कचरा पिंपभर, माझा टोपलीभर, तरी आकार दोघांना सारखा.

पहिल्या दोन तक्रारींवर भरपूर बोललं जातं. तिसरी मात्र "सगळ्यांचेच दर कमी करा" या मागणीत विरून जाते. मग पालिका थोडीफार सूट देऊन मोकळी होते आणि ज्याच्यावर अन्याय होत होता त्याच्यावर तो होतच राहतो. मला वाटतं, आकडा केवढा यावर भांडण्याआधी तो कशाच्या आधारावर लावलाय यावर भांडायला हवं.

माझा छपाई आणि पुस्तकबांधणीचा व्यवसाय आहे. यंत्रांना जागा लागते, कागदाच्या गठ्ठ्यांना जागा लागते, म्हणून गाळा मोठा. कचरा म्हणाल तर कटिंग मशीनखाली साठणारी कातरण. पांढरी एका पोत्यात, रंगीत दुसऱ्या पोत्यात. दोन्ही रद्दीवाला वजन करून, पैसे मोजून घेऊन जातो. शाईचे डबे आणि रूळ पुसलेल्या चिंध्या आम्ही वेगळ्या ठेवतो, त्या साध्या कचऱ्यात टाकायच्याच नसतात. पालिकेच्या गाडीत माझ्याकडून जाते ती झाडलोटीची धूळ, कागदी कप आणि डिंकाने बरबटलेले कागद. पण शुल्क क्षेत्रफळावर असल्यामुळे माझं बिल माझ्याहून लहान जागेतल्या उपाहारगृहापेक्षा जास्त येतं. त्यांच्याकडून रोज ओल्या कचऱ्याची पिंपं निघतात. त्यांच्यावर माझा राग नाही, ते नियमाप्रमाणे भरतात. नियमच तसा आहे.

शुल्क लावायच्या मला माहीत असलेल्या पद्धती: जागेचं क्षेत्रफळ, मालमत्तेचं करपात्र मूल्य, व्यवसायाचा प्रकार (दुकान, दवाखाना, उपाहारगृह, गोदाम असे गट), पिंपाचा आकार आणि आठवड्यातल्या फेऱ्या, पालिकेने ठरवून दिलेल्या पिशव्या विकत घ्यायला लावणं, आणि थेट वजन. पहिल्या तिन्हींत कचरा किती निघाला हे कुणी बघतच नाही. खोकी पुरवठादाराला परत पाठवली, ओला कचरा जागच्या जागी जिरवला, काहीही केलं तरी बिल तेवढंच. नंतरच्या तिन्हींत निदान मी हात हलवला तर बिल हलतं.

इथे व्यवसाय करणारे आहेत, पालिकेत काम केलेले आहेत, कायदा जाणणारेही आहेत. शुल्क कसं लावलं जावं असं तुम्हाला वाटतं?

ऋतुगंध

+१. माझं पार्लर आहे. दिवसभराचे कापलेले केस एका पिशवीत मावतात, बाकी थोडा कापूस आणि रिकाम्या बाटल्या. आमचा समावेश "सेवा आस्थापना" या गटात आणि त्याच गटात मोठमोठी सभागृहंसुद्धा.

दुरुस्तीसाठी पार्लर बंद होतं त्या काळाचंही पूर्ण शुल्क आलं. चौकशीला गेले तर "जागा तर आहे ना" एवढंच उत्तर. जागा आहे म्हणजे कचरा होणारच, हे गृहीतकच मला पटत नाही. दिवे बंद ठेवले तर विजेचा मीटर फिरत नाही. मग इथेच असं का?

दीपस्तंभ

पालिकेच्या स्वच्छता विभागात नोकरी केली आहे, आता निवृत्त. गाडीच्या बाजूने थोडं सांगतो.

ऋतुगंध, मीटर फिरला नाही तरी विजेच्या बिलात स्थिर आकार असतोच. इथेही तेच आहे. सकाळी कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी) आगारातून निघतो तेव्हा चालकाचा आणि मदतनिसांचा पगार, गाडीचा हप्ता, विमा, देखभाल हा सगळा खर्च आधीच लागलेला असतो. तुमच्या रस्त्यात शिरलं की डिझेल जळतंच, तुमचं पिंप काठोकाठ असो की तळाशी. मदतनीस खाली उतरणार, पिंप ढकलत आणणार, मागच्या उचलयंत्रात अडकवणार, ते उलटं होऊन रिकामं होईपर्यंत थांबणार, परत जागेवर नेऊन ठेवणार. भरलेल्या आणि अर्ध्या पिंपाला यात जवळपास सारखाच वेळ लागतो. म्हणून निम्मा कचरा उचलायचा खर्च निम्मा होत नाही.

वजनाचा खर्च सुरू होतो तो पुढे. गाडी वजनकाट्यावर चढते आणि प्रक्रिया केंद्र किंवा क्षेपणभूमी टनावर हिशेब करते. तेव्हा खर्चाचे सरळ दोन भाग पडतात: गाडी दारापर्यंत आणण्याचा आणि तिच्यात पडलेल्या मालाची विल्हेवाट लावण्याचा. पहिल्यातला वाटा ज्यांच्या दारात गाडी येते त्या सगळ्यांनी उचलायचा, दुसऱ्यातला ज्याच्या त्याच्या कचऱ्याप्रमाणे. आज बऱ्याच ठिकाणी हे दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेले असतात आणि त्यातून चौकस यांच्यासारखी बिलं निघतात.

पण मोजमाप बदललं की सगळं आपोआप सुटेल असंही समजू नका. पिंपाच्या आकारावर दर लावला की हलका कचरा करणारा भरडला जातो. खोकी न मोडता टाकली तर ११०० लिटरचं पिंप बघता बघता भरतं आणि आत वजन म्हणावं तर काहीच नसतं. तेच पिंप उष्ट्या अन्नाने भरलं तर दोघांना रेटत नाही, चाकं निखळतात. वजनावर दर लावला तर वेगळा घोळ. पावसात झाकण उघडं राहिलं की पुठ्ठा पाणी पितो आणि दुकानदार पाण्याचे पैसे भरतो.

आणि खोक्यांच्या खाली दडवलेला राडारोडा! विटांचे तुकडे, फुटक्या फरशा. दाबयंत्रात अडकलं की गाडी जागीच उभी, आणि त्या फेरीतल्या पुढच्या सगळ्यांचा कचरा तसाच पडून. "गाडी आली नाही" अशी तक्रार नोंदवली जाते, ती का आली नाही हे मात्र कुणीच नोंदवत नाही.

शुभ्रा

दीपस्तंभकाका, एवढं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आभार.

मी दुसऱ्या टोकाची. माझं मोठं स्वयंपाकघर आहे, समारंभांची जेवणं करून देते. चौकस ज्या पिंपांबद्दल लिहितात तशीच पिंपं माझ्याकडून निघतात. जास्त कचरा करणाऱ्याने जास्त भरावं, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्यापुढची आहे.

माझ्याकडे एक माणूस बराच वेळ फक्त कचरा वेगळा करण्यात असतो. देठं, सालं, चोथा एका पिंपात. ताटातलं उष्टं दुसऱ्यात, कारण त्यात मीठ आणि तेल असतं आणि खत करणारे ते घ्यायला कुरकुरतात. तळणीचं वापरलेलं तेल बंद डब्यात. पुठ्ठा आणि प्लास्टिक वेगळं. इतकं सगळं करून पहाटे गाडी येते आणि दोन्ही पिंपं एकाच तोंडात उपडी होतात. मदतनिसाला विचारलं तर म्हणाला, "ताई, गाडीला कप्पाच एक आहे." त्याच्यावर काय रागवायचं?

मिसळलेला ओला कचरा पुरला जातो, आत कुजून मिथेन सोडतो. तोच वेगळा राहिला तर बायोगॅस होतो, खत होतं. म्हणजे माझा माणूस जे काम करतो त्याचा फायदा पुढे कुणाला तरी होऊ शकतो, पण गाडीच्या त्या एका कप्प्यात तो संपतो. बिलात सूट नाही ते नाहीच. इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२५ पासून दहा किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अन्नकचरा आणि पुनर्वापराचा सुका कचरा वेगळा देणं बंधनकारक झालं, त्याहून लहानांना ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत आहे. सक्तीला माझी ना नाही. पण वेगळं करायला लावलंत तर वेगळं उचला, आणि वेगळं देणाऱ्याचा दर वेगळा ठेवा.

रानवारा

चर्चा चांगली चालली आहे. "जेवढा कचरा तेवढे पैसे" याचा जगातला अनुभव बराच जुना आहे, त्यातलं थोडं इथे टाकतो.

सिएटलने १९८१ मध्येच डब्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली. दक्षिण कोरियाने १ जानेवारी १९९५ पासून देशभर ठरावीक पिशव्या सक्तीच्या केल्या. पिशवीच्या किमतीतच उचलण्याचा आणि विल्हेवाटीचा आकार. पुढे २००५ पासून अन्नकचरा थेट पुरायला बंदी घातली, आणि नंतर निवासी इमारतींतून ओळखपट्टी दाखवल्यावर उघडणारी, टाकलेल्या अन्नाचं वजन करून त्या घराच्या नावावर मांडणारी पिंपं आली. तैपेईने २००० मध्ये पिशवीची पद्धत घेतली. तिथे पुनर्वापराचा माल वेगळा दिला तर त्याला पिशवी लागत नाही, म्हणजे वर्गीकरणाची सूट दरातच गुंफलेली आहे. शुभ्रा, तुमची मागणी नेमकी हीच आहे.

आता उलट बाजू. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात १९९२ मध्ये पिशवीमागे दर सुरू झाला, तेव्हा फुलर्टन आणि किन्नमन या अर्थशास्त्रज्ञांनी काही घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र १४ टक्क्यांनीच. लोकांनी पिशव्या दाबून दाबून भरल्या. आणि जी घट दिसली तिच्यातला २८ टक्क्यांपर्यंत भाग चोरून दुसरीकडे टाकलेला असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता.

हा अभ्यास घरांचा होता. पण व्यवसायात ही चोरवाट अरुंद असेल असं मला वाटत नाही. रात्री दुकान बंद करताना पिशवी शेजारच्या सोसायटीच्या डब्यात जाते, नाहीतर नाल्याच्या कडेला. म्हणून प्रत्येक नोंदणीकृत व्यवसायाला एक किमान आकार असावाच, ज्यात थोडा कचरा अंतर्भूत आहे. काही दिलं नाही तरी तेवढे पैसे जाणारच असतील तर पहिली पिशवी लपवून काही वाचत नाही. दीपस्तंभ यांचा स्थिर आकार आणि हा किमान आकार एकच धरता येईल.

कागदोपत्री

वकिलीच्या बाजूने थोडं.

चौकस यांची तक्रार थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेलेली आहे. इटलीतल्या कासोरिया इथल्या हॉटेलवाल्यांचं म्हणणं होतं की पालिकेचा कचरा कर हॉटेलांना घरांच्या मानाने फारच जास्त लावला जातो आणि तो प्रत्यक्ष कचऱ्यावर नसून अंदाजावर आहे. २००९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की प्रत्येकाचा कचरा नेमका मोजणं अवघड आणि खर्चिक असतं, त्यामुळे क्षेत्रफळ, जागेचा वापर यावरून अंदाज बांधायला आणि हॉटेलांचा वेगळा गट करायला हरकत नाही. मात्र होणाऱ्या कचऱ्याच्या मानाने एखाद्या गटावरचा भार उघडउघड प्रमाणाबाहेर असता कामा नये, आणि ते तपासणं तिथल्या न्यायालयाचं काम.

यातून व्यावसायिकांनी घ्यायचं ते असं: "क्षेत्रफळावर शुल्क बेकायदा आहे" म्हणून भांडायला जाऊ नका, टिकणं कठीण. "माझ्या गटाचा भार माझ्या कचऱ्याच्या मानाने प्रमाणाबाहेर आहे, हा पुरावा" असं म्हणून जा.

भारतात कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात मांडला. कर हा सर्वसाधारण तिजोरीसाठी, शुल्क हे सेवेच्या बदल्यात. त्यावर बोट ठेवून बरेच जण पै-पैचा हिशेब मागतात. पण १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की आकार आणि सेवा यांत गणिती अचूकता लागत नाही, ढोबळ संबंध पुरे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा करणाऱ्या प्रत्येकाने शुल्क भरायचं असं ठरवलं, दर स्थानिक संस्थेच्या उपविधींवर (तिने स्वतः केलेल्या नियमांवर) सोडले, आणि दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना वेगळ्या गटात टाकलं. म्हणजे "हे वेगळं कशाला" या तक्रारीला कायद्यात फारसा आधार नाही. "कशाच्या आधारावर" या प्रश्नाला आहे.

ऋतुगंध

इतकं सगळं करण्यापेक्षा व्यावसायिकांनी पालिकेची सेवा सोडून खासगी ठेकेदार लावला तर? स्पर्धा असली की दर उतरतात.

पाऊलवाट

ऋतुगंध, न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच आहे. तिथे नगर प्रशासन घरांचा कचरा उचलतं. व्यवसायांनी परवानाधारक खासगी कंपनी लावायची. पण स्पर्धेचं म्हणाल तर तिथे अनेक वर्षं संघटित गुन्हेगारांनी कंपन्यांत गिऱ्हाइकं वाटून घेतली होती आणि दर मनमानी होते. ते मोडायला १९९६ मध्ये स्वतंत्र आयोग नेमावा लागला. त्याने परवाने द्यायला आणि कमाल दरही ठरवायला सुरुवात केली. एवढ्यावर भागलं नाही. एकाच रस्त्यावर रात्रभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, प्रत्येकीची दोन-चार गिऱ्हाइकं, लांबच लांब फेऱ्या, दमलेले चालक. शेवटी २०१९ च्या कायद्याने शहराचे २० विभाग पाडले आणि एका विभागात जास्तीत जास्त तीन कंपन्या असं ठरवलं.

त्याचं कारण दीपस्तंभ यांनी वर दिलंच आहे. खर्च फेरीचा असतो. एका गल्लीत एकाच गाडीने सगळी पिंपं उचलली तर स्वस्त, पाच गाड्यांनी उचलली तर महाग. त्यामुळे पालिकेची सेवा ठेवून तिचा हिशेब उघडा करायला लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मी लेखापाल आहे, म्हणून या हिशेबावर थोडं रेंगाळतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत पालिकांच्या अंदाजपत्रकाचा सरासरी २० टक्क्यांच्या आसपास भाग घनकचऱ्यावर जातो, मध्यम उत्पन्नाच्या देशांत १० टक्क्यांहून जास्त, श्रीमंत देशांत ४ टक्के. म्हणजे पालिका खर्चाचं रडगाणं उगाच गात नाही. तो पैसा कुठून तरी यायलाच हवा, आणि घरगुती शुल्क वाढवणं मतांच्या दृष्टीने जड जातं. मग उरलेली तूट कुणाच्या बिलात जाते? व्यवसायांच्या.

समजा वर्षाचा एकूण खर्च १०० मानला. व्यवसायांमुळे होणारा खर्च त्यातला ३० असेल आणि व्यवसायांकडून वसुली ४५ होत असेल, तर वरचे १५ आपण घरांसाठी भरतोय. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. गरीब वस्तीतला कचरा रोज उचलला गेला तर सगळ्यांचंच आरोग्य सुधारतं. पण तो निर्णय सभागृहात उघड चर्चा होऊन व्हायला हवा आणि बिलावर वेगळ्या ओळीत दिसायला हवा. आज तो दरपत्रकाच्या पोटात दडलेला असतो, आणि व्यापारी एकमेकांच्या कचऱ्यावरून भांडत राहतात.

उलटंही असू शकतं, हे लक्षात ठेवा. हिशेब उघडला आणि व्यवसायांचाच खर्च वसुलीपेक्षा जास्त निघाला तर तोही मान्य करावा लागेल.

शुभ्रा

पाऊलवाट, पटलं. काका, एक विचारायचं आहे. प्रत्येक गाडीवर वजनकाटा बसवणं परवडतं का? माझ्यासारखीला वजनावर दर चालेल, पण त्या काट्याचा खर्च पुन्हा आमच्याच बिलात यायचा.

दीपस्तंभ

सरसकट नाही परवडत. उचलयंत्रावर बसणारे काटे असतात, पण गाडी उतारावर उभी असली, पिंप हलत असलं की आकडा हलतो. ज्या आकड्यावर पैसे घ्यायचे तो काटा वैधमापनाच्या नियमांत बसणारा आणि वेळोवेळी पडताळलेला असावा लागतो. मोठ्या कचरा करणाऱ्यांसाठी ते योग्य. लहानांना पिंपाचे दोन-तीन आकार आणि आठवड्याच्या फेऱ्या यावर दर लावला की पुरतं. अधूनमधून नमुन्यादाखल वजन करून कोणत्या व्यवसायाचं पिंप सरासरी किती भरतं ते तपासायचं आणि दर त्याप्रमाणे सुधारायचे. ओल्याचं पिंप आणि सुक्याचं पिंप यांचा दर वेगळा ठेवला की पुठ्ठेवाल्यावर अन्नाच्या वजनाचा भार पडत नाही.

खरी डोकेदुखी सामाईक पिंपांची. एका इमारतीत दवाखाना, शिकवणी वर्ग, उपाहारगृह, शिंपी, आणि सगळ्यांचं मिळून एकच मोठं पिंप. मोजणार कुणाचं? तिथे इमारतीला एक बिल द्यायचं आणि आतली वाटणी गाळेधारकांनी आपसात ठरवायची, हाच मार्ग मी चाललेला पाहिला आहे. पिंपाला कुलूप हवं आणि किल्ल्या गाळेधारकांकडेच. कुलूप नसलेलं पिंप गावाचं होतं. (दवाखान्याचा जैववैद्यकीय कचरा यात कधीच टाकायचा नाही, त्याची व्यवस्था वेगळी असते. मदतनिसांच्या हातात सुया घुसलेल्या मी पाहिल्या आहेत.)

चौकस

सगळ्यांचे मनापासून आभार. एका मुद्द्यावर मात्र दीपस्तंभ यांच्याशी माझं जमत नाही, तो मांडतो.

स्थिर आकार हवा, मान्य. पण तो किती? पालिकेने बिलाचा जवळजवळ सगळा भाग "स्थिर" म्हणून दाखवला तर मोजमापाचा सगळा खटाटोप वाया. कचरा निम्मा करूनही बिलात चार-दोन टक्के फरक पडणार असेल तर कुणी खोकी मोडत बसणार नाही, कुणी खताचं पिंप ठेवणार नाही. शिवाय फेऱ्यांचा खर्च पूर्ण स्थिर आहे हेही मला मान्य नाही. आज एका गल्लीतले दहा व्यवसाय रोजच्या ऐवजी दिवसाआड सुका कचरा द्यायला तयार झाले तर त्या गल्लीची फेरीच निम्मी होते. वर्षभराच्या हिशेबात जो खर्च अचल दिसतो तो मार्गांची आखणी बदलली की हलतो.

दीपस्तंभ

सुक्याच्या बाबतीत बरोबर आहे. सुका कचरा थांबू शकतो, ओला थांबत नाही. ओल्याची फेरी रोज लागणारच. पण सुक्याच्या फेऱ्या कमी करून वाचलेला पैसा वेगळ्या कप्प्याच्या गाडीकडे वळवता येईल. शुभ्रा यांची अडचण तिथेच सुटते. स्थिर आकार किती यावर मी आकडा सांगणार नाही, तो प्रत्येक पालिकेच्या फेऱ्यांच्या नोंदवह्या बघूनच काढायला हवा. त्या वह्या असतात. गाडी किती वाजता निघाली, किती खेपा झाल्या, काट्यावर किती वजन भरलं, सगळं लिहिलेलं असतं. मागा, मिळेल.

कागदोपत्री

दर किंवा उपविधी बदलताना मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत दिलेली असते. बहुतेक व्यापारी ती मुदत संपून पहिलं बिल हातात पडल्यावर जागे होतात. मुदतीत, लेखी, पोच घेऊन हरकत द्या, आणि सुनावणी मागा. दरवाढीला नुसता विरोध लिहिला तर "नोंद घेतली" एवढंच उत्तर येतं. आकडे मागितले तर उत्तर द्यावं लागतं.

हरकतीसोबत स्वतःचा कचरा किती याची साधी नोंदवही जोडा. कोणत्या दिवशी पिंप किती भरलं होतं, गाडी आली की नाही, रद्दीत किती गेलं त्याच्या पावत्या. कासोरियाच्या प्रकरणात प्रश्न प्रमाणाचा होता, आणि प्रमाण दाखवायला कागद लागतो.

चौकस

मग मसुदा असा करतोय, सुधारणा सुचवा:

"प्रस्तावित व्यावसायिक कचरा शुल्काबाबत आमची हरकत दराच्या आकारणीच्या आधाराला आहे. कृपया मागील आर्थिक वर्षाचा कचरा संकलनाचा आणि विल्हेवाटीचा खर्च स्वतंत्रपणे द्यावा, तसेच घरगुती आणि व्यावसायिक कचऱ्याचं वजन, फेऱ्या आणि वसुली वेगवेगळी द्यावी. घरगुती सेवेची तूट व्यावसायिक शुल्कातून भरली जात असल्यास तसं बिलावर नमूद करावं. शुल्काचे स्थिर आणि कचऱ्याच्या प्रमाणातील असे दोन भाग करावेत आणि स्थिर भाग कसा काढला ते जाहीर करावं. पिंपाचा आकार आणि फेऱ्यांची संख्या निवडण्याची मुभा व्यावसायिकाला असावी. ओला आणि सुका कचरा वेगळा देणाऱ्यास कमी दर असावा, आणि तो मिसळून उचलला गेल्यास त्या महिन्याचं प्रमाणातील शुल्क आकारू नये. आस्थापना बंद असल्याची लेखी सूचना दिल्यास त्या काळात फक्त स्थिर आकार घ्यावा. ठरलेली फेरी चुकल्यास तिची रक्कम पुढील बिलात वजा व्हावी. या मुद्द्यांवर आम्हाला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी."

शुभ्रा

मिसळून उचलल्याचं सिद्ध कोण करणार, तेही घाला. "उचलताना दोन्ही पिंपांची स्वतंत्र नोंद मदतनिसाच्या वहीत व्हावी आणि तीवर व्यावसायिकाची सही असावी." बाकी माझी सही धरा.